सातवा भाग कोणी लिहू नये

मी खाली सही करणारी, निवृत्त भाषाशिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाला शंका असेल तर त्याने तो वाचावा, मला विचारायला मी नसेन.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला. घर विकायचे तर खुशाल विकावे. मात्र त्याच्या ताईची खोली त्याने स्वतः आवरावी, माणसे लावून नको.

२. पुस्तकांची दोन्ही कपाटे सूनबाईला. या घरात पुस्तक वाचून जागच्या जागी ठेवणारी ती एकटीच.

३. माझ्या दिरांना काहीही नाही. मुलगी गेली त्या आठवड्यात भरल्या घरात ते म्हणाले, "सारखं मोबाईलमध्ये डोकं. तब्येतीकडे लक्ष कुठं होतं?" ती मोबाईलवर गोष्ट लिहीत होती. हॉस्पिटलच्या खाटेवरही लिहीत होती. ते वाक्य मी विसरलेले नाही आणि माफही केलेले नाही.

४. कथांचे संकेतस्थळ, ज्याला आम्ही सगळे 'कट्टा' म्हणतो, ते मी निवृत्तीनंतर सुरू केले. तिथे जो तो टोपणनावाने लिहितो, मी 'बाई'. अ‍ॅडमिन म्हणून नियम मीच केला: क्रमशः कथेचा पुढचा भाग वर्षभरात आला नाही, तर ती 'अर्धवट' विभागात जाईल आणि तिच्याखाली कोणाला काही लिहिता येणार नाही. भल्याभल्यांच्या कथा मी तिकडे टाकल्या. एकच टाकली नाही. घर सोडून गेलेली एक मुलगी गावोगावाहून घरी फोन लावते आणि आईचा आवाज ऐकला की ठेवून देते, ती कथा. सहा भाग झाले, सातवा आला नाही. वाचक अजून खाली विचारतात, "पुढचा भाग कधी?"

'खडूस' हे टोपणनाव आपणहून घेतलेल्या सभासदांनी मला सर्वांसमोर विचारले, "बाई, नियम सगळ्यांना सारखा ना? की इथंही वशिला चालतो?" मी लिहिले, "चालतो." त्यावरून आमचे वाजले ते वाजलेच.

वशिला होता. ती कथा माझ्या मुलीची. कट्ट्यावर हे कोणाला ठाऊक नव्हते, तिचीच तशी अट होती. "आई, तुझी मुलगी म्हणून कोणी वाहवा केलेली मला नको." तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. कट्ट्यावर मात्र तिला नुसता उशीर झाला आहे. माझ्याबरोबर तिची वाट पाहणारे दुसरे कोणी मला कुठे मिळाले नाही.

५. अ‍ॅडमिनपद मी खडूस यांना देत आहे. नियमाला त्यांच्याइतके कोणी जपणार नाही. पासवर्ड मुलाने त्यांना कळवावा. एवढी एकच कथा त्यांनी हलवू नये. सातवा भाग कोणालाही लिहू देऊ नये, कितीही हुबेहूब जमला तरी.

६. शेवट तिने मला हॉस्पिटलात सांगितला होता. खडूस यांनी, आमचे भांडण होण्याच्या खूप आधी, सहाव्या भागाखाली तो लिहिला होता: "ही पोरगी घरी येणार. दार आई उघडणार." मला तेव्हा उत्तर देववले नाही. माझ्यामागे मुलाने तिथे माझ्या नावाने एवढेच लिहावे: "बरोबर ओळखलंत."

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: सहीशेजारी घातला आहे
सही: बाई

साक्षीदार:
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई
२. शाळेतले चित्रकलेचे सर (यांनी वाचून चष्मा पुसला, मग सही केली)