उमरखेड काढू नकोस

बोरी अरब,
९ जानेवारी २०२५

चि. खुशी हिस आईचे आणि आजीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी इकडे मजेत आहोत. थंडीने आजीचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा जास्त आजी कुरकुरते. तूर कापायला आली आहे. तिळाचे लाडू पाठवते आहे आणि डब्यात सगळ्यांत वर हे पत्र ठेवते आहे, म्हणजे लाडवांच्या आधी तुझ्या हाताला लागेल. फोनवर तू "आई, पटकन सांग, मीटिंग आहे" म्हणतेस आणि मी सांगायचं ते सोडून भलतंच सांगत बसते. म्हणून कागद घेतला.

आधी धंद्याचं. तू नागपूरला मोठमोठ्या दुकानांच्या जाहिराती चालवतेस, तशी आता तुझी आईही चालवते. तुझ्या साहेबांना हसू आलं तर येऊ दे. मार्गशीर्षापासून एकही रविवार रिकामा गेलेला नाही. नागपूर-अमरावतीची माणसं मोबाइलवर रोडग्यांची पंगत शोधतात, सगळ्यांत वर आपली जाहिरात येते, 'बेबीताई रोडगेवाल्या, बोरी अरब', त्यावर बोट ठेवलं की माझा फोन वाजतो. मग मी आणि माझ्या बाया गोवऱ्या, कणीक, वांगी घेऊन त्यांच्या शेतावर हजर. परवा एका नागपूरच्या साहेबांनी गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा तुपात चुरला आणि डोळे मिटून म्हणाले, "माझी आजी आठवली." मी म्हटलं, "आजी आठवा, पण अजून एक घ्या."

तू शिकवलंस ते सगळं लक्षात आहे. कोणी जाहिरातीवर बोट ठेवलं की आपले पैसे कटतात, मग काम मिळो न मिळो. 'रोडगे कसे करायचे' असं शोधणाऱ्या बायकांनी मला सुरुवातीला धुऊन काढलं. आता 'कृती' आणि 'रेसिपी' हे शब्द मी नको असलेल्या शब्दांत टाकले आहेत. त्याआधी वर्ध्याच्या एका नव्या नवरीला मात्र मी सगळं माप सांगून बसले. बिचारीची सासू समोर उभी होती.

आणि बचतगटाने केलं ते तर तुला ठाऊकच आहे. मी कौतुकाने मीटिंगमध्ये जाहिरात दाखवली. झालं! एकीने बोट ठेवलं म्हणून दुसरीने ठेवलं, दुसरीने ठेवलं म्हणून तिसरीने. "आपल्या बेबीताईची हाय, आपण नाही दाबाव तं कोणं दाबाव?" हळदीकुंकवाला याव्यात तशा गावभरच्या बाया रोज येऊन दाबून जायला लागल्या आणि दुपारच्या आत दिवसाचे पैसे संपायला लागले. जाहिरात ज्या गावांत दिसते त्या यादीतून तू बोरी आणि दारव्हा काढलंस, तेव्हा कुठे निभावलं. मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या समजतात नेट खराब आहे.

आता उमरखेडचं. तू म्हणालीस, तिथून रोज संध्याकाळी एकच कोणीतरी जाहिरातीवरून फोन करतं, आजवर काम मिळालं एक, शिवाय गाव लांब, तेव्हा उमरखेड काढून टाकते. माझं म्हणणं, घाई करू नकोस. उमरखेड मोठं गाव आहे. बाजार मोठा आहे. लोक खाणारे आहेत. ते एक काम केलं त्या देवीलालजींच्या आईच्या नवसाचं होतं. म्हातारीने आमची वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. देवीलालजींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, चार माणसांशी बोलणं होतं, ते आपलं नाव सांगतील. देवीलालजी म्हणत होते की तिकडे रोडगे करणारं असं कोणी उरलेलं नाही. तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीनेच सांगते आहे.

आणि तू 'रिकामटेकडा' हा जो शब्द वापरलास तो मला आवडला नाही. ज्याला तू ओळखत नाहीस त्याला असं म्हणू नये.

लाडू मैत्रिणींना दे. एकटीने संपवू नकोस.

तुझी,
आई


बोरी अरब,
२१ जानेवारी २०२५

चि. खुशी,

तुला खूप खूप आशीर्वाद. आजी बरी आहे. बरी म्हणजे काय, उड्या मारायची तेवढी राहिली आहे. का ते पुढे सांगते.

तू उमरखेड काढलंसच. तुझी चूक नाही, तुझं कामच ते आहे. मीच पत्रात बाजाराच्या आणि वांग्याच्या गोष्टी सांगत बसले. आता खरं सांगते. हे लिहिताना माझे कान तापले आहेत आणि या वयात ते तापावेत याचंच मला हसू येतं आहे.

रोज संध्याकाळी फोन करणारे ते देवीलालजीच होते. नवसाचं काम झाल्यावर त्यांनी एकदा विचारलं, रोडगे उरले आहेत, टिकतील किती? मग कधी विचारलं वांगी कोणत्या गावची, कधी विचारलं तिकडे थंडी किती. पुढे विचारायला काही उरलं नाही तरी फोन येत राहिला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरी ते आणि आई. आईला ते त्यांच्या बंजारा बोलीत याडी म्हणतात, आणि ती मागून ओरडते, "कोणाशी बोलून राह्यला रे इतका?"

तू चिडलीस तेव्हा मी त्यांना म्हटलंच होतं. "हे पाहा, तुम्ही दरवेळी जाहिरातीवरून फोन करता, आमचे पैसे कटतात. नंबर सेव्ह करून ठेवा ना." ते म्हणाले, "सेव्ह कराले गेलतो. बेबी लिवलं. पुढं ताई लिवाले हात धजला नाही. अख्खा जिल्हा तुमाले ताई म्हन्ते. मले नाही म्हनता येत."

मी फोन कापला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तुळशीपाशी फोन हातात घेऊनच उभी राहिले. खुशी, मला आवडतात गं ते. स्पष्टच सांगते. कितीतरी वर्षांत कोणी मला "तुम्ही जेवल्या का?" असं विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, जेवण तयार आहे का.

आणि मग तू उमरखेड काढलंस. फोन बंद. मला वाटलं, कंटाळले असतील, बरं झालं. आणि बरं झालं म्हणत म्हणत मी वरणात दोनदा मीठ घातलं.

शनिवारी दुपारी अंगणात तुरी पाखडत होते, तर बचतगटातल्या सगळ्या बाया घोळका करून येताना दिसल्या आणि मधोमध देवीलालजी! खांद्याला अवजारांची पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला. एस.टी.तून उतरून त्यांनी स्टँडवर "रोडगेवाल्या बाई" असं विचारलं होतं. बोरीत मला बाई कोणी म्हणत नाही. तिथेच बायांना वास लागला.

आजी खाटेवर बसली होती. म्हणाली, "काहून आले जी?"

"मशीन दुरुस्तीले."

"आमच्या घरी मशीन कुठं हाय?"

बाया पदरात हसायला लागल्या. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. देवीलालजींनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, "आजी, जाहिरात दिसून नाही राह्यली. रोज पाहतो, रोज नाही. जाहिरातीतला जुना नंबर लावला तं लागत नाही, यायचा खरा नंबर तं माह्यापाशी नाही. मले वाटलं यायची तब्येत बिघडली का काय. दुकान बंद केलं न् आलो."

"न् नंबर काहून नाही तुमच्यापाशी?"

त्यांनी तेच नावाचं सांगितलं, सगळ्या बायांदेखत. कोणी हसलं नाही. आजी खाटेवरून पुढे सरकली. ही माझ्या नवऱ्याची आई आहे, हिच्यासमोर हे काय चाललंय, असं वाटून मी आत पळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई गावाची हाय थे. तुमची नाही. हिचं नाव प्रभावती हाय. काढा फोन, लिवा."

त्यांनी तिथेच लिहिलं. आजीने फोन हातात घेऊन नीट लिहिलंय का ते पाहिलं. तिला वाचता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते गेल्यावर ती माझ्याशेजारी बसून रडली. मीही रडले. म्हणाली, "माह्या पोराच्या मागं तू मले लेकीवानी सांभाळलं. मी कायले आडवी येऊ?" मग डोळे पुसून लगेच, "पण रोडगे सोडाचे नाही हां." सोडणार नाहीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोनवर लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. देवीलालजी म्हणतात, मशीनचं दुकान कुठेही लागतं, गोवऱ्यांचा आर मात्र बोरीचाच. ते आणि त्यांची आई इकडेच येतील. दोन म्हाताऱ्या एका घरात, तेव्हा भांडणांना तोटा नाही.

फाल्गुनात रजिस्टर लग्न करायचं आणि शेतात पंगत घालायची असं ठरलं आहे. तुझ्या बाबांचा फोटो जिथे आहे तिथेच राहील. त्यांना विसरले असं तू मनात आणू नकोस. खुशी, मी तुझी परवानगी मागत नाही. मी आयुष्यात फार परवानग्या मागितल्या. पण तू आनंदाने आली नाहीस तर त्या पंगतीत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, हेही खरं आहे.

राग आला असेल तर फोन कर आणि रागाव. मीटिंग आहे म्हणू नकोस.

आणि आलीस की त्यांना काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. बाबा म्हणायची काही गरज नाही. काका म्हण, देवीलालजी म्हण, तुला सुचेल ते म्हण. 'अहो' तेवढं माझ्यासाठी ठेव.

दारात उभी राहून तुझी वाट बघणारी,
तुझीच आई,
प्रभावती