निर्दोष ठरवल्याची तक्रार

प्रति,
मा. मुख्य गुणवत्ता अधिकारी,
विमान इंजिन दुरुस्ती कारखाना.

विषय : अर्जदारास दोषी ठरवून अडुसष्ट पाती परत तपासण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार निर्दोष असल्याचे आपले तिसरे पत्र, दि. ११.

महोदय,

१. अर्जदार लेप विभागात बावीस वर्षे तपासनीस आहे. इंजिनाच्या पात्यांवर उष्णता अडवणारा पांढरा लेप चढवताना थंड हवेची बारीक छिद्रे कधी कधी बुजतात. प्रत्येक छिद्रात तार घालून पाहणे, हे अर्जदाराचे काम. छिद्र बुजलेले राहिले तर लेप पोळून सुटतो आणि मग धातूही टिकत नाही.

२. अर्जदार डावखुरा आहे. इतर सर्व तपासनीस झालेली पाती उजव्या ट्रेमध्ये ठेवतात, अर्जदार डाव्या. दि. ४ रोजी तो चहाला गेला असता शेजारच्या सहकाऱ्याने अर्जदाराच्या उजवीकडची, अजून न तपासलेली तीन पाती 'झालेली' समजून, केवळ चांगुलपणाने, खोक्यात भरली. भरलेले खोके पाहून अर्जदाराने सही ठोकली. अर्जदार तपासलेल्या प्रत्येक पात्यामागे टिपणात एक खूण करतो; घरी गेल्यावर खिशातले ते टिपण मोजले. खुणा पासष्ट, पाती अडुसष्ट.

३. हे अर्जदाराने तीनदा कळवले. पहिल्यांदा उत्तर आले की, सही आहे म्हणजे तपासणी झाली आहे. दुसऱ्यांदा अर्जदाराचे डोळे तपासले गेले. ते उत्तम निघाले, सबब चूक संभवत नाही, असे ठरले. तिसऱ्यांदा प्रामाणिकपणाबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे अर्जदाराने ऐकले होते. इथे चोर स्वतः हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्या गळ्यात हार पडतो आहे! सहकारी म्हणतो, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोस?"

४. सदर पात्यांचे इंजिन मंगळवारी विमानाला बसणार आहे. आठवडाभर डोक्यावरून विमान गेले की अर्जदार हातातला घास खाली ठेवतो. पत्नी म्हणते, "अहो, ते इंजिन अजून जमिनीवरच आहे!" तरीही घास जात नाही. अर्जदाराला भीती वाटते, हे तो स्पष्ट लिहितो.

५. नियम अठरानुसार तपासनीस निलंबित झाल्यास त्याने महिनाभरात पास केलेला सर्व माल परत तपासला जातो. सबब अर्जदार सोमवारी सकाळी दहा वाजता आपल्या दालनासमोर एका पात्याचा लेप हातोडीने फोडणार आहे. कारखान्याचे नुकसान नको, म्हणून भंगारातले पाते वापरण्यास परवानगी मिळावी. साक्षीदार आपल्या सोयीने नेमावेत. सहकाऱ्यास बोल लावू नये. सही अर्जदाराची आहे.

आपला नम्र, पण स्वस्थ बसू न शकणारा,
(सही)
तपासनीस, लेप विभाग
दि. १४, शनिवार

सोबत : १. खुणांचे टिपण. २. डोळे उत्तम असल्याचा दाखला. ३. प्रशस्तिपत्र (साभार परत).

ता. क. : हा अर्ज सकाळी पत्नीने वाचला. नोकरी जाईल, हे अर्जदाराने तिला सांगितले. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत कशाला थांबताय? आणि भंगारातलं नको, चांगलंच फोडा. भंगार फोडलं म्हणून कोण काढणार आहे तुम्हाला?" सबब वर मागितलेल्या परवानगीची आता गरज नाही. अर्जदार पाते आणि हातोडी घेऊन आपल्या दालनाबाहेर बाकावर बसला आहे.