तळघरातली तुमची मोटर

आबा,

तुम्ही आमच्या तळघरात बसवलेली मोटर काल मी काढली. जळाली होती. तुम्ही गेल्यावरही ती बारा पावसाळे चालली, आणि खरं सांगायचं तर ती आहे हेसुद्धा माझ्या लक्षात नसायचं. जमिनीतून पाणी पाझरायचं, कोपऱ्यातल्या खड्ड्यात जमायचं, फुगा वर आला की मोटर आपोआप सुरू व्हायची आणि पाणी बाहेर गटारीत जायचं. या घरात मला ज्याची आठवण ठेवावी लागत नव्हती असं तेवढंच एक होतं. सोमवारी ज्वारी काढायला खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवला, तो पाण्यातच. पत्र्याची पेटी, माझ्या शाळेच्या जुन्या वह्या, ज्वारीची कोठी, सगळं आपापल्या जागी पाण्यात उभं होतं. मी रडले वगैरे नाही. वर आले, ह्यांना चहा पाजला, तोंड पुसलं, आणि मग स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून राहिले.

तुम्ही आधीच सांगितलं होतं, तळघर बांधू नका म्हणून. "नदीकडचं रान हाय माय, जमिनीच्या पोटात पानी हाय. वर दोन खोल्या जास्तीच्या काढा, पर खाली जाऊ नका." पण ह्यांच्या तहसील कचेरीतल्या कुणीतरी बीडमध्ये तळघराचं घर बांधलं होतं, मग आपलंही तसंच पाहिजे. तिथं क्लासवाल्यांना जागा द्यायची होती. क्लास दोन वर्षं चालला आणि पोरांच्या वह्यांना बुरशी धरायला लागल्यावर उठून गेला. राहिलं ते पाणी आणि तुमची मोटर.

तुमचा नातू पुण्यात असतो. रोज रात्री फोन करतो, चांगला आहे पोरगा. पण मागच्या वर्षी भिंतीला ओल आली तेव्हा म्हणाला, "आई, आता तळघरात पाणी आलं ना, की घर विकायचं आणि दोघांनी इकडं यायचं. ठरलं आपलं." ठरलं त्याचं. त्याचं घर मी पाहिलंय. सातवा मजला, दोन खोल्या. ह्यांची खाट दिवाणखान्यात टाकावी लागेल, आणि सून ऑफिसला जाता-येता सासऱ्याचं भांडं बघत जाईल. तिला बिचारीला काही बोलता येणार नाही आणि मला काही करता येणार नाही. मी आयुष्यभर मास्तरकी केली आबा, माझ्याच्यानं आता कुणाच्या घरी पाहुणी म्हणून मरेपर्यंत राहणं व्हायचं नाही. रविवारी तो येणार होता. म्हणजे शनिवारपर्यंत तळघर कोरडं पाहिजे होतं, नाहीतर हे घर गेलं.

मिस्त्री मिळेना. पाऊस सगळीकडंच झालेला, प्रत्येकाची कुठं ना कुठं मोटर अडकलेली. एक म्हणाला सोमवारी बघू, दुसऱ्यानं फोनच उचलला नाही. शेवटी दुकानात जाऊन मी जुन्या मोटरीएवढीच नवी घेतली. दुकानदार म्हणाला, "मावशी, बसवनार कोन?" म्हटलं, मी. "कावून? घरी कुनी मानूस न्हाई का?" म्हटलं, आहे, पण तो झोपून आहे. त्यानं पाईपची क्लिप आणि चिकटपट्टी न मागता पिशवीत टाकली.

हो, हे झोपून आहेत. तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं. डाव्या हातात काठी धरून, एका बाजूनं मी धरलं तर मोरीपर्यंत जातात. तेसुद्धा मनात असेल तर. एरवी पाण्याचा तांब्या उशाशी असला तरी काठी फरशीवर आपटून मला बोलावतात आणि मी तो तांब्या उचलून त्यांच्याच हातात देते. सुरुवातीला मी चिडायचे, आता देते. हे सगळं तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं, कळवणार तरी कुठं.

मोटरीचं काम मला येतं असं कुणालाच वाटत नाही, आणि त्यांचं चूक नाही. तुम्ही मला शिकवलं ते एकच, बॅटरी धरायला. वडवणीच्या आसपास कुणाच्या विहिरीत मोटर बसली की तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून न्यायचात, भाऊ नव्हता म्हणून. तुम्ही दोरानं खाली, मी काठावर पालथी. जरा उजेड हलला की खालून आवाज यायचा, "हातावर मार, तोंडावर न्हाई! तोंड बगून नट फिरतोय व्हय?" पाना कधी हातात दिला नाहीत. पण बघून बघून काही राहतंच डोक्यात. जोड गळू नये म्हणून सुतळीला सफेदा कसा चोळायचा, पाईप आधी उलटा फिरवून मग कसा बसवायचा. पंचवीस-तीस विहिरींचं बघणं वाया कसं जाईल?

आणि तो दिवस. तुम्ही ही मोटर बसवत होता तो. तुम्ही खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभे आहात, मी सवयीनं बॅटरी धरून पायरीवर. लाईट मगाशी गेली होती, आता आली आहे. वर ह्यांचे दोन साहेब नवं घर बघायला आलेत. हे त्यांना पाणी कसं आपोआप जातं ते दाखवायला निघतात आणि वरच्या बोळातलं मोटरीचं बटन दाबतात. खट आवाज होतो. काहीच होत नाही, कारण काम सुरू करतानाच तुम्ही फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात घातला होता, लाईट गेलेली असतानासुद्धा. पण तुम्ही तसेच ओले वर चढलात, आणि साहेबांसमोर, मला आजही ऐकू येतं, "पाव्हणं! मानूस पान्यात हाय अन् तुमी बटन दाबायलात? डोस्कं हाय का खोकं?" खिशातून फ्यूज काढून त्यांच्या नाकासमोर धरलात. "ह्यो हितं हाय म्हनून मी जित्ता हाय."

खरं होतं. पण जावयाला असं कुणी बोलतं का आबा, तेही त्याच्या साहेबांसमोर? हे त्या दिवशी जेवले नाहीत. त्याच वर्षी अधिक महिना आला, तुम्ही धोंड्याच्या जेवणाचं आवतण पाठवलं, हे म्हणाले, मी खोकं आहे, खोक्याला कशाला पुरण. गेले नाहीत. मग तुम्हीच आलात. आई नव्हती, शेजारच्या काकूंकडून तेहतीस अनारसे करून घेतले होते, आणि ते तबक एसटीत मांडीवर धरून वडवणीहून बीडला आलात. हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. तुम्ही विचारलंत, "पाव्हणं न्हाईत का?" मी म्हटलं, ऑफिसला गेलेत. दारात त्यांच्या चपला होत्या. तुम्ही चपलांकडं पाहिलंत, "बरं हाय," म्हणालात, पाणी प्यालात आणि परतीची गाडी धरलीत. ह्यांनी एकाही अनारशाला हात लावला नाही, मी ते गल्लीत वाटले. पुढचा अधिक महिना येईपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. मला दोघांचाही राग होता, आणि दोघांनाही कधी काही बोलले नाही. मी मध्ये उभी राहून फक्त बॅटरी धरली म्हणा.

तर काल. दुपारी ह्यांना जेवू घातलं, पाठ पुसली, कुशीवर वळवून म्हटलं, खाली मोटर बदलायला चाललेय, तासभर लागेल. त्यांनी मान हलवली. बोळात येऊन फ्यूजकडं हात नेला आणि नेमकी लाईट गेली. पंखा थांबला. आणि मला हायसं वाटलं बघा. म्हटलं, चला, तेवढंच एक काम कमी झालं. फ्यूज तसाच ठेवला, बटनसुद्धा तसंच चालू. आपल्याकडं लाईट गेली की दोन-तीन तास येत नाही, हे काय मला कुणी सांगायला पाहिजे? साडी खोचली, पकड, पाना आणि बॅटरी घेतली आणि पाण्यात उतरले. तुमची मुलगी, तीस विहिरी बघितलेली.

पाईप सुटायलाच अर्धा तास गेला. तुम्ही आवळलेलं होतं ना. सुतळी दगडासारखी झाली होती. पान्यावर सगळा भार टाकला, दोनदा घसरून भिंतीवर आदळले, तुम्हाला एक शिवीही दिली. मग सुटला. मोटर वर ओढली तर तिच्या जाळीत गाळ, केस आणि क्लासच्या पोरांच्या पेनाची टोपणं. तुम्ही तिची वायर थेट वरच्या वायरीला जोडली होती, पिन लावली नव्हती, पिन ढिली पडते म्हणून. मी जोड कापला. नव्या मोटरीच्या वायरीची टोकं दातानं सोलली, तुम्ही सोलायचात तशी. वरून आलेली उघडी तार डाव्या हातात, मोटरीची उजव्या हातात, दोन्ही पाय पिंढरीपर्यंत पाण्यात, आणि डोक्यावरचा दिवा लागला.

लाईट आली होती. मी हललेच नाही. बोटांत तांब्याची उघडी तार दिसत होती आणि दिव्याचा उजेड तिच्यावर पडला होता, बरोब्बर हातावर. किती वेळ उभी होते माहीत नाही. काहीच झालं नाही. मग तार हळूच सोडली आणि पायऱ्या चढले, शेवटच्या दोन तर हातांवर.

बोळात हे भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. काठी लांब पडलेली, वर बोर्डात मोटरीच्या फ्यूजची जागा रिकामी. खाटेवरून बोर्ड दिसतो, तिथपर्यंत चार पावलं आहेत, ती तीन वर्षांत एकट्यानं कधी टाकली नाहीत त्यांनी. डाव्या हाताची मूठ सदऱ्याच्या खिशावर घट्ट दाबून धरलेली. मी आधी ओरडलेच, "पडला असतात म्हणजे? मांडी मोडली असती तर कुणी बघायचं होतं, मीच ना?" त्यांचे ओठ हलले, लाळ गळाली, मग एकेक शब्द ओढून काढावा तसं म्हणाले, "मा...नूस... पान्यात... हाय."

तुमचेच शब्द, आबा. चौदा वर्षं जपून ठेवले होते त्या माणसानं. मला वाटायचं राग म्हणून ठेवलेत. असेलही तसंच. मी तिथंच त्यांच्याशेजारी फरशीवर बसले, आणि ओल्या साडीनं दोघंही भिजलो. एवढं तुम्हाला कळवायलाच ही वही उघडली होती. तुम्ही बोललात ते वाया गेलं नाही, मी त्यामुळं जिवंत आहे. तुम्ही बोललात याचा मला तेव्हा राग आला होता, तो आता नाही.

नंतर त्यांना खाटेवर निजवलं. फ्यूज माझ्याकडं देईनात, मूठ सोडवावी लागली. मी तो पदराला बांधून खाली गेले, जोड पूर्ण केला, चिकटपट्टी गुंडाळली, पाईप आवळला. वर येऊन फ्यूज बसवला आणि परत खाली जाऊन पायरीवर बसले. मोटर लागली. नव्या मोटरीचा आवाज बारीक आहे, तुमची घरघरायची. पाणी उतरायला लागलं, पेटीचे पाय दिसले, मग फरशी. रविवारी तुमचा नातू येईल, तळघर बघेल, म्हणेल आई, कमाल केलीस. घर राहिलं. जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, पण नुसती झोप येत होती.

तुम्ही असता तर हे पत्र मी लिहिलंच नसतं, कारण पुढचं तुम्हाला सांगण्यासारखं नाही. पाणी संपलं, फुगा खाली बसला, मोटर थांबली. वरून काठीचा आवाज यायला लागला. आधी सावकाश, मग भरभर, मग पुन्हा सावकाश. मी पायरीवर भिंतीला डोकं टेकून बसले होते. ज्या माणसानं त्याच दुपारी माझ्यासाठी चार पावलं टाकली, तो बोलावत होता, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. आवाज बंद झाल्यावरही बसून राहिले. वर गेले तेव्हा चादर ओली झाली होती आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. चादर बदलता बदलता मी म्हटलं, "खाली मोटर चालू होती, ऐकूच आलं नाही."

मोटर बंद होऊन तेव्हा अर्धा तास झाला होता, आबा.