दहा हजार नऊशे अठ्ठावन्न फूट

२ मार्च, रवि.
या हातांनी आजवर काय काय केलं ते एकदा लिहून ठेवतो. बांबूच्या पट्ट्यांचे गळाचे रॉड दोन, साडेआठ फुटी, प्रत्येकी दोन तुकड्यांत. पितळी रीळ दोन, कारखान्याच्या लेथवर, पाळी सुटल्यावर. मासा उचलायचं हातजाळं एक, चौकट पेरूच्या फांदीची, वाफेवर वाकवलेली. गळाला बांधायच्या पिसांच्या खोट्या माश्या चौसष्ट (कोंबडीवाल्याकडून मानेची पिसं मागून आणतो. त्याला वाटतं मी करणी-बिरणी करतो). बांबू रंधायचा पोलादी ठोकळा, साठ अंशाची खाच. तीन बिघडले, चौथा बरोबर.
शिक्षण नववी. शिकवणारा कोणी नाही. रद्दीतलं एक इंग्रजी पुस्तक, एक शब्दकोश आणि अकरा वर्षं.
दोन्ही रॉड एकाच माणगा बांबूच्या काठीचे, गावाहून आणलेल्या. माझा १४४ ग्रॅम, अनंतचा १४२. दोन ग्रॅम कुठे गेले, समजत नाही. त्याच्या पितळी कड्यावर नाव कोरलंय, पण त्याने एवढा फरक पडत नाही.
अ. म्हणाला, "नाव कोरलंस तेवढं माझं वजन उतरलं, दत्त्या."
जूनच्या सातला निघायचं. हिमाचल, वरच्या तळ्यावरचा कॅम्प, ट्राउट मासा. शेवटचे सहा तास पायी. शिवडीच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेलो असताना ठरवलेलं. तेव्हा दोघांचे केस काळे होते.

९ मार्च, रवि.
सकाळी सहाला शिवाजी पार्क. गरीच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून फेकीचा सराव. फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. "काका, इथे मासे लागतात?" अ. लगेच, "लागतात की. आत्ताच तुम्ही लागलात."
पण दहाव्या फेकीनंतर तो कट्ट्यावर जाऊन बसला. पित्त म्हणे. मी बोललो, मनगट मोडतोस, कोपरातून ये, झोप पूर्ण करून येत जा. जरा जास्तच बोललो बहुतेक.
कट्ट्यावर एक कर्णिक भेटले, निवृत्त इंजिनिअर. रॉड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. कुठल्या कंपनीचा? अ. म्हणाला, "कंपनी लालबाग." त्यांनी माझा नंबर घेतला.

२३ मार्च, रवि.
कॅम्पच्या ठाकूरला फोन. "सर, बर्फ अभी घुटने तक है." उंची विचारली. "दस-ग्यारह हजार होगा." असल्या उत्तराचं काय करायचं? नकाशावरून काढली. ३३४० मीटर. १०,९५८ फूट. सगळ्या वाटेचा चढ आलेखाच्या कागदावर काढला, दोन प्रती. चार संध्याकाळी गेल्या.
अ.ने त्याची प्रत चौघडी करून खिशात कोंबली. आलेखाची अशी घडी करतात? मनाला लागलं.

९ एप्रिल, बुध.
तिकिटं झाली. चंदीगड, दोन. अ. म्हणाला, मला खालचा बर्थ घे. तीस वर्षांत याने कधी खालचा मागितलेला नाही.

२० एप्रिल, रवि.
शीव कोळीवाड्यात अ.कडे जेवायला. मंदावहिनींनी बोंबील तळलेले. यादी घेऊन गेलो होतो, कोणाच्या पिशवीत काय, ग्रॅममध्ये. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, थंडी लय असंल ना? किती उंच हाय त्ये?"
अ. म्हणाला, "आपल्या महाबळेश्वराहून थोडं जास्त."
मला राहवेना. म्हटलं, थोडं? महाबळेश्वर साडेचार हजारसुद्धा नाही. हे दहा हजार नऊशे अठ्ठावन्न.
टेबलाखाली अ.चा पाय माझ्या पायावर आला. मला वाटलं जागा कमी पडतेय. मी पाय बाजूला घेतला. आणि खिशातून माझी प्रत काढून ताटाशेजारी पसरली. कुठे चढ किती, सगळं दाखवलं. बोट ठेवून.
वहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला. "डॉक्टरनी सहा हजारांच्या वर जायचं नाय म्हणून सांगितलंय याला." माझ्याकडे बघून, "तुम्हांला नाय बोलला?"
नाही बोलला.
पुढे कोणी फारसं जेवलं नाही.

२१ एप्रिल, सोम.
कामात लक्ष नाही. एक बुश दोनदा चुकीचा कापला. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं.
मांडून बघतो. दिवाळीनंतर अ. "पाव्हण्यांकडे" गेलेला, तो दवाखान्यात होता. काल वहिनींकडून कळलं, हृदयाच्या शिरेत नळी घातली आहे. पित्त वगैरे काही नाही. खालचा बर्थ. चौघडी. हे सगळं समोर होतं आणि मी दोन ग्रॅम शोधत बसलो.
पण त्याने मला सांगायला काय हरकत होती? वहिनींपासून उंची लपवली, ते समजतं. माझ्यापासून?
फोन केला. उचलत नाही.

४ मे, रवि.
फोन नाही, निरोप नाही. शेवटी आज गेलो. अ. दारात बसून जाळ्याला शिसं बांधत होता. वर बघितलं नाही.
"सहा हजार बोलला असतास तर तुझं काय गेलं असतं रे?"
"खोटं झालं असतं."
"मग? मी सहा महिने तेच करतोय."
"वर काही झालं असतं तर?"
"तळ्यावर झालं असतं. इथं काय, संडासच्या रांगेत होणार."
मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. तर म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू त्याचा पण आलेख काढला असतास."

आत जाऊन रॉड घेऊन आला. पिशवीसकट. "ने. सगळं तूच केलंयस. माझं काय त्यात, नावच तेवढं."
नको म्हणायला हवं होतं. घेऊन आलो.

५ मे, सोम.
दोन्ही रॉड भिंतीवर, शेजारी शेजारी. बायको, सुनंदा, म्हणाली, "दोन ग्रॅमांचं काय झालं मग?" तिला टोमणा मारायचा नव्हता, असं ती नंतर म्हणाली.

११ मे, रवि.
वहिनी आल्या. मसाल्यासाठी मिरच्या कांडायला लालबागला आल्या होत्या. कांडून झाल्यावर डबा घेऊन आमच्याकडे बसल्या. डोळे लाल. मिरचीचे म्हणाल्या.
"तुम्ही जाऊ नका असं माझं म्हणणं नाय, भावजी. पण तुम्ही गेलात तर ह्यो जेवायचा नाय. नाय गेलात तर जल्मभर मला बोलंल, तुझ्यापायी दत्तूचं पण बुडालं."
मी विचारलं, मग काय करू? म्हणाल्या, "ते मी काय सांगू? तुमाला सगळं मोजता येतंय."
डबा घेऊन गेल्या. खोलीत ठसका राहिला.

१४ मे, बुध.
खालच्या उंचीवर कुठे ट्राउट मिळतो का ते शोधलं. पाच हजार फुटांवर एक नदी सापडली, रस्ता थेट काठापर्यंत. अ.च्या फोनवर निरोप टाकला, उंचीसकट. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

१८ मे, रवि.
शिवाजी पार्कवाले कर्णिक घरी आले. चार जिने चढून, धापा टाकत. रॉड परत बघायला मागितले. भिंग आणलं होतं. सांधे बघितले, दोऱ्याचे वेढे बघितले, आत्तापर्यंत कोणी बघितले नव्हते असे.  चहा निवाला.
मग मुद्द्यावर आले. आकडा बोलले. मी नाही म्हटलं. खाली उतरताना म्हणाले, विचार करा.
सुनंदा स्वयंपाकघरातून ऐकत होती. रात्री माझं ताट झाकून ठेवून ती एकटीच जेवली.

२१ मे, बुध.
अ.चा फोन. महिन्याने. नदीबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "तुझ्याकडे तो पार्कातला म्हातारा आला होता म्हणे. सुनंदा हिला बोलली." म्हटलं, हो.
"काय मागत होता?"
"तुझा रॉड."
"मग? दिलास?"
"नाही."

"किती बोलला?"
"दहा-बारा हजार," मी म्हटलं.
"हट्. मग बरं केलंस," म्हणाला. आणि, "सात तारखेची गाडी किती वाजता?"
का विचारलं ते विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला होता. दोन्ही तिकिटं अजून खणात आहेत.
निदान इथे तरी नीट लिहून ठेवतो. कर्णिकांना जोडी नको होती, फक्त अ.चा रॉड हवा होता, १४२ ग्रॅमचा. नावाचं कडं मी बदलून द्यायचं. शिवाय ते स्वतः जूनमध्ये त्याच तळ्यावर जाणार आहेत, अ.च्या जागी त्यांना सोबत घ्यायचं, कॅम्पचा माझा सगळा खर्च त्यांचा. आणि रॉडचे रोख एक लाख चाळीस हजार.