थंड सोफी गेल्यावर

बाम्बेर्ग, १८ एप्रिल १९८३

चि. ओटिलीस,
ताईचे आशीर्वाद आणि गालाला एक चिमटा.

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर आपण दोघी गाजरं सोलत बसायचो, आठवतं? निम्मी तूच खायचीस. सिस्टर बेनिग्ना घेवड्याची रोपं बाहेर लावू द्यायच्या नाहीत. मे महिन्यातले थंडीच्या संतांचे दिवस होऊन जाऊ देत, शेवटची थंड सोफी एकदा गेली की मग मातीला हात लावा, म्हणायच्या.

आन्सबाखचा महाल पाहायचं आता नक्की. आरशांची दालनं, चिनीमातीची भांडी सगळं पाहू, पण माझा जीव बागेत. कुंड्यांतली संत्र्याची झाडं हिवाळाभर काचघरात असतात, थंडी सरली की बाहेर मांडतात. त्यांच्याशिवाय ती बाग म्हणजे पाहुणे न आलेलं लग्नघर. तारीख कार्डाने कळवते. वरच्या मजल्यावर तुझ्या सोफीवहिनीलाही विचार. आपला एमेराम गेल्यापासून ती कुठे म्हणून जात नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी वाल्बुर्गाताई


आइश्टेट, २९ एप्रिल

ती. ताईस,
ओटिलीचा नमस्कार.

तुझ्या कार्डाने घोळ केला. तू लिहिलंस, थंड सोफी एकदा गेली की लगेच निघू, तोवर धीर धर. कार्ड उघडं, टपालाची पेटी सामाईक, आणि त्या दिवशी पेटी उघडली सोफीवहिनीने. हिवाळ्यात ती हृदयाच्या दुखण्याने इस्पितळात होती, हे तुला ठाऊकच आहे.

मी सांगितलं, अगं वहिनी, ही सोफी म्हणजे संत, पंधरा मेची. पण ती पडली समुद्राकडची, प्रॉटेस्टंट घरातली. म्हणाली, माणसाबद्दल वाईट लिहायचं आणि वर पांघरूण घालायला संत आणायचे, ही तुम्हा कॅथलिकांची खोड. थंड तर मला इथे सगळेच म्हणतात. मग दारातून वळून म्हणाली, "तुझ्या ताईला कळव, सोफी अजून आहे."

आता ती सामान बांधते आहे. कीलला भाचीकडे कायमची जाते म्हणते. ताई, दादा गेल्यापासून रात्रीचं जेवण आम्ही एकाच टेबलावर घेतो. ती गेली तर मी कुणासमोर बसून जेवू? कार्ड तुझं, तूच निस्तर.

रागावले असले तरी तुझीच,
ओटिली


बाम्बेर्ग, ३ मे

प्रिय सोफीस,
वाल्बुर्गाचा नमस्कार. तू घेतलास तर.

तुझ्या मरणाची वाट पाहायची असती, तर ते मी उघड्या कार्डावर लिहिलं असतं का? तसलं मी बंद पाकिटात लिहिते.

ओटिली म्हणते ते खरं आहे. तिच्यावर विश्वास नसेल तर कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचार, टोमॅटोची रोपं बाहेर कधी लावायची. ती तुझंच नाव घेईल.

आमच्याकडे नामदिवस, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, वाढदिवसाहून मोठा. पंधरा मे तुझा, आणि यंदा तो रविवारी आला आहे. तेव्हा सोफी जायची वाट आता कुणी पाहायची नाही. सोफीच्याच दिवशी निघू, सोफीला घेऊन. झाडं अजून आतच असली तर काचघराशी नाक लावून पाहू. मी न्यूर्नबर्गवरून येते, तुम्ही दोघी आन्सबाखच्या स्टेशनावर थांबा. तुमची तिकिटं मी काढून ठेवली आहेत, नाही म्हणायची सोय नाही.

आणि ओटिली एकटी असली की उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

भेटीची वाट पाहणारी,
वाल्बुर्गा


आइश्टेट, ७ मे

प्रिय वाल्बुर्गास,
नमस्कार घेतला, उलट पाठवते आहे.

भाजीवालीला विचारलं. म्हणाली, सोफी गेल्याशिवाय रोपाला हात लावायचा नाही, फार दुष्ट बाई. मला दुकानातच हसू फुटलं. सोफीबाई हसल्या, हे एव्हाना गावभर झालं असेल.

रविवारी येते. भाचीला नाही म्हणून कळवलं. ओटिलीला अजून सांगितलेलं नाही, पण आज रात्री टेबलावर तिची थाळी मीच मांडणार आहे.

लोभ कमी होता असं नाही, बोलायची सवय कमी होती.
सोफी

ता. क. बांधलेलं सामान सोडतानाच वाटून टाकते. एमेरामचा ओव्हरकोट ओटिलीला, बागेत ती कुडकुडेल. त्याची दुर्बीण तुला, महालाच्या छतावरची चित्रं नीट दिसतील. सासूबाईंचे कॉफीचे कप ओटिलीचे आणि माझे, ते परत खालच्या कपाटात गेले. गाडीतली खिडकीची जागा मला.