पुढचे चाक उचलण्याबाबतचे माझे तिन्ही अर्ज रद्द समजण्याबाबत

दि. १५ नोव्हेंबर २०२५ (शनिवार)
समक्ष / अत्यंत तातडीचे

प्रति,
मा. सहायक निरीक्षक,
वाहतूक पथक क्र. ९,
सोलापूर.

विषय : माझ्याच अर्जावरून निघालेला मोटारसायकल जप्तीचा आदेश उद्या, रविवारी दुपारी बारापर्यंत स्थगित ठेवणेबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ६ ऑक्टोबर, १० ऑक्टोबर व ३ नोव्हेंबर.
२) आपला आदेश दि. १३ नोव्हेंबर (काल सायंकाळी चौकीवर हाती मिळाला).

महोदय,

१. मी, गंगाधर विष्णू मंगळवेढेकर, वय ६३, एका अनुदानित शाळेत एकतीस वर्षे आवक-जावक लिपिक होतो. कोणत्या कागदावर काय शेरा पडतो आणि त्याला किती दिवस लागतात, हे मला सांगावे लागत नाही. म्हणूनच आपला आदेश दहा दिवसांत निघालेला पाहून मी चक्रावलो. उद्या सकाळी सात वाजता आपले कर्मचारी येऊन माझी मुलगी कु. सई, वय २४, हिची स्पोर्ट मोटारसायकल जप्त करणार, असे त्यात लिहिले आहे. ही मागणी माझीच होती, हे मी नाकारत नाही. तरीही हा आदेश उद्या अमलात येऊ नये. आला तर माझ्या मुलीच्या मानेला धोका आहे. कसा, ते क्रमाने सांगतो. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

२. सई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मार्च महिन्यात तिने ही गाडी घेतली आणि जुलैपासून ती होटगी रस्त्यापलीकडच्या अर्धवट बांधलेल्या वळणरस्त्यावर रोज सकाळी साडेसहाला पुढचे चाक उचलून मागच्या एकाच चाकावर गाडी चालवायला शिकू लागली. याला त्या मंडळींत व्हीली म्हणतात. २८ सप्टेंबरला गाडी तिच्यासकट मागे उलटली. कोपराला सात टाके पडले. आठवड्याने टाके निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा दारातून बाहेर पडली. मला तिला तोंडावर काही सांगता येत नाही, लहानपणापासून आलेले नाही. माझी पत्नी सौ. शकुंतला म्हणते, "पोरीशी बोलायला तुमची जीभ उचलत नाही, आणि कागद म्हटला की हाताला पंख फुटतात." ते खरे आहे. मी अर्ज केला.

३. पहिल्या अर्जात मी लिहिले होते की "सदर मुलगी रोज सकाळी मोटारसायकलचे पुढचे चाक उचलते." उचलणे या शब्दाचा आपल्या कार्यालयात चोरणे असा अर्थ लागला आणि तो कागद चोरीच्या टेबलावर गेला. हवालदार गुरुसिद्धप्पा घरी आले, गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "काका, चाकं तर दोन्ही हितंच हायती की. मग उचललं काय?" मी खुलासा करेपर्यंत त्यांनी पंचनामा लिहिलासुद्धा. "दोन्ही चाके जागेवर आढळली. अर्जदाराचा गैरसमज. निकाली." गल्लीत मात्र निकाल वेगळा लागला. मंगळवेढेकरांची सई चाके चोरते असे बोलले जाऊ लागले आणि शेजारच्या धोंडप्पांनी स्कूटरला साखळी बांधली. ती अजून बांधलेली आहे.

४. म्हणून दुसऱ्या अर्जात मी उचलणे हा शब्द टाळला आणि "चाक हवेत असते" असे लिहिले. त्याचे उत्तर आले की चाकांतील हवेचा दाब अर्जदाराने स्वतःच्या स्तरावर तपासून घ्यावा. हे पत्र मी तीन वेळा वाचले. माझ्या नोकरीत असे उत्तर मी एकदासुद्धा पाठवलेले नाही. राग आला आणि मी चौकीवर आलो. तेथे हवालदार शरणप्पा यांनी मला शांतपणे सांगितले, "काका, नुसतं लिवून भागत न्हाय. तारीख, येळ, किती मीटर, समदं लिवून आणा." त्यांचा सल्ला योग्य होता. पुढचे सर्व त्या सल्ल्यामुळे झाले.

५. दि. २० ऑक्टोबरपासून मी रोज सकाळी त्या रस्त्याच्या कडेला बाभळीआड टेप आणि वही घेऊन उभा राहू लागलो. दिवाळीच्या पाडव्यालाही गेलो. चौथ्या दिवशी सईने मला पाहिले. मला वाटले, आता काही खरे नाही. ती म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर टेपचं दुसरं टोक धरा." मी धरले.

६. यापुढचे अर्जात लिहिण्यासारखे नाही, पण त्यावाचून विनंती कळणार नाही. वहीत अकरा मीटर, नऊ मीटर, सोळा मीटर अशा नोंदी करता करता मला त्या कामातले समजू लागले. चाक वर येते ते क्लच आणि अॅक्सिलेटरने. एका मर्यादेपलीकडे गेले की अॅक्सिलेटर सोडून उपयोग नसतो, ते खाली आणायला फक्त मागचा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर उजवा पाय कायम ठेवलेला हवा. सईचा पाय भीतीने उचलला जात होता आणि २८ सप्टेंबरला ती त्यामुळेच पडली. हे मी वहीत लिहिले, मग न राहवून तिला ओरडून सांगितले, "पाय ब्रेकवर." चोवीस वर्षांत मी तिला ओरडून सांगितलेली ही पहिली गोष्ट, आणि तिने ती ऐकली. दि. ३१ ला तिने चव्वेचाळीस मीटर केले.

७. असे असताना दि. ३ नोव्हेंबरला मी तिसरा अर्ज का दिला, असे आपण विचाराल. तो आधीच लिहून झाला होता. लिहून झालेला अर्ज फाडणे माझ्या हातून होत नाही, हा माझा दोष आहे. शिवाय आधीच्या दोन अर्जांप्रमाणे तोही आपल्या कार्यालयात कोणाला समजणारच नाही अशी माझी खात्री होती. दुर्दैवाने या वेळी मी सोबत आकृती जोडली होती. रस्ता, गाडी, वर गेलेले चाक, बाणाने दिशा, सईची वेणीसुद्धा. आकृती कोणालाही कळते. जे शब्दांनी महिनाभर झाले नाही, ते आकृतीने दहा दिवसांत केले.

८. आता मुद्द्याचे. उद्या सकाळी साडेसातला एका बंद सूतगिरणीच्या आवारात, कुंपणाच्या आत, परवानगी काढून, बाहेरगावच्या एका स्टंट पथकाची निवड चाचणी आहे. पन्नास मीटर एका चाकावर जायचे आहे. सईची गाडी सात वाजता जप्त झाली तर ती घरी बसणार नाही. काल रात्री आदेश वाचून तिने मला सरळ सांगितले, "माझी नेली तर अभिमन्यूची घेईन." हा अभिमन्यू टेंभुर्णीचा, तिच्याबरोबर सराव करणारा. मुलगा सज्जन आहे. गाडी सज्जन नाही. गेल्या बुधवारी सईची गाडी चेन बदलायला गॅरेजला असताना ती त्या गाडीवर बसली. चाक वर गेले. तिचा पाय ब्रेकवर होता, मी स्वतः पाहिले, तिने दाबलासुद्धा. तो ब्रेक उशिरा लागतो. मागची नंबर प्लेट रस्त्याला घासत गेली आणि मग कसेबसे चाक खाली आले. तो ब्रेक दुरुस्त करण्याविषयी मी अभिमन्यूला विचारले आहे. तो म्हणतो, "पार्ट मंगळवारी येतोय की काका." चाचणी रविवारी आहे.

९. तेव्हा महोदय, तिची गाडी तिच्याखालून काढली की आपण तिला त्या दुसऱ्या गाडीवर बसवता, आणि हे माझ्या सहीच्या अर्जावरून होते. उद्या तिथे अकरा गाड्या असतील. जप्त करायच्याच असल्या तर अकराही कराव्यात, एक नेऊन चालणार नाही. तसे शक्य नसेल तर आपल्या कार्यालयाने पहिल्यांदा लावलेला अर्थच कायम धरावा. उचलणे म्हणजे चोरणे. चाके जागेवर आहेत, गुरुसिद्धप्पांचा पंचनामा आहे, प्रकरण निकाली आहे. मी त्या वेळी त्यांच्याशी वाद घातला, ते माझे चुकले.

१०. सार्वजनिक रस्त्यावर सराव करणे हा गुन्हा आहे, हे मला मान्य आहे. त्याचा जो दंड असेल तो तिने भरलाच पाहिजे. रविवारी दुपारी बारा वाजता मी स्वतः गाडी ढकलत आपल्या दारात आणतो, ती कितीही दिवस ठेवा, मी हरकत घेणार नाही. मला सकाळचे पाच तास हवे आहेत. तिने हे करू नये असे मला आजही वाटते. मला भीती वाटते, रोज वाटते, आणि टेप धरल्याने ती कमी झालेली नाही. पण ती करणारच असेल तर जो ब्रेक तिच्या पायाला माहीत आहे, तो तिच्या पायाखाली असावा.

११. आणखी एक विनंती. आपले उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये, मला चौकीवर बोलावून द्यावे. घरी आलेले टपाल शकुंतला फोडते आणि रविवारचे तिला काही माहीत नाही. पथकाच्या संमतिपत्रावर काल मी पालक म्हणून सही केली. त्यात एक रकाना होता, अपघात झाल्यास कोणास कळवावे. सवयीने मी माझे नाव लिहिले. मग लक्षात आले की मला कळवायला कोणाला यावे लागणार नाही, मी तिथेच उभा असणार. माझे नाव खोडून तिथे तिच्या आईचे लिहिले. एकतीस वर्षांत इतके वाईट अक्षर माझ्या हातून आलेले नाही.

आपल्या निर्णयाची चौकीबाहेरच्या बाकावर वाट पाहणारा,

गंगाधर विष्णू मंगळवेढेकर

सोबत :
१) आपल्या आदेशाची प्रत.
२) अभिमन्यूच्या गाडीच्या घासलेल्या नंबर प्लेटचे छायाचित्र.
३) नोंदवही, पाने १ ते २३ (परत मिळावी).
४) सईच्या गाडीची दुसरी किल्ली. ही तारण म्हणून आपल्याकडे ठेवावी. पहिली तिच्याकडे आहे, आज मीच तिच्या हातात दिली.