मनीच्या नावानं येणाऱ्या जाहिराती

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक वळकटी, कुंडीतली कोरफड आणि मी, अशी वरात ताईच्या दारात उतरली तेव्हा भावोजींनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं की मागून ट्रकही येतोय का. ताईनं आधी मिठी मारली, मग वाळलीस म्हणून कान पिळला. मी चाळिशी ओलांडली तरी तिच्या लेखी अजून फ्रॉकातच आहे. आई गेली तेव्हा मी लहान होते. वेणी घालण्यापासून सगळं हिनंच केलं, त्यामुळे मलाही तो कान पुढे करायला बरंच वाटतं.

परवापासून नवी शाळा. पाचवी ते दहावी, कॉम्प्युटर शिकवायचा. हेडमास्तरीणबाई फोनवर तरी माणसात असल्यासारख्या वाटल्या. भाड्याची खोली मिळेपर्यंत मुक्काम इथेच, आणि ताईचा एकूण रंग बघता ती खोली काही मला मिळू द्यायची नाही.

मला मनीची खोली दिली आहे. मनी म्हणजे ताई-भावोजींची एकुलती एक. चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेली. एकोणीस वर्षांची होती. वाटलं होतं की खोली कुलपात असेल. भीत भीत आत गेले, तर नवे पडदे, स्वच्छ चादर, खिडकीतून छान ऊन. टेबलावर मनीचा जुना कॉम्प्युटर चालूच होता. बंद करू नकोस, परत सुरू व्हायला फार रुसतो, असं ताई म्हणाली.

जेवताना ताईनं कपाटाची गोष्ट सांगितली. मनी लहान असताना लपाछपी खेळता खेळता कपाटात शिरली आणि चादरींच्या घड्यांवर झोपून गेली. सगळी गल्ली शोधतेय, भावोजी पाण्याच्या टाकीत डोकावून आले, ताईनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी कपाटातून आवाज आला, "माझ्यावर राज्य आहे का?" ताई तो झोपाळू आवाज अजून हुबेहूब काढते. मी ही गोष्ट कितीदा तरी ऐकली आहे. तिघंही हसलो, डोळे पुसले, पुन्हा हसलो.

घर सावरतंय. मी आले ते फार बरं झालं.

६ नोव्हेंबर

शाळा छान. पोरं वांड आहेत, पण कीबोर्डवर तुटून पडतात.

संध्याकाळी धडे तयार करायला मनीच्या कॉम्प्युटरवर बसले आणि डोक्याला हात लावला. ब्राउझरच्या माथ्यावर नको असलेल्या टूलबारांची उतरंड. पहिलं पान कुठल्यातरी भलत्याच साइटचं. एक अक्षर टाइप करावं तर कोपऱ्यातून खिडकी उडी मारते, ती बंद करावी तर तिची जाऊ येते. पंखा तर असा घरघरतो की जणू सगळं घर तोच ओढतोय. चार वर्षं कुणी अँटिव्हायरस घातलेला नाही. व्हायरस, जाहिरातींचे प्रोग्रॅम, हेरगिरीचे प्रोग्रॅम, सगळे भाडं न देता सुखानं नांदतायत.

भावोजी बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. आज ड्यूटीवरून आल्यावर, बूट काढता काढता, हळू आवाजात म्हणाले की तुला जमत असेल तर ते एकदाचं साफ कर. त्यांनी एकदा तो दुरुस्तीला नेऊन टाकला होता. ताई दुसऱ्या दिवशी रिक्षानं जाऊन, हात न लावू देता, तसाच परत घेऊन आली.

का, ते त्यांनी सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर

आज सुट्टी होती, सकाळीच कंबर कसली. नेटची केबल काढली, सेफ मोडमध्ये सुरू केला, शाळेच्या पेन ड्राइव्हवरून अँटिव्हायरस चालवला. केवढा गाळ निघाला! अनोळखी प्रोग्रॅम उडवले, टूलबार सोलून काढले, मशीन सुरू होताना गुपचूप जागं होणारं जे जे होतं ते बंद केलं. एक हेर फारच चिवट निघाला. समोर बसलेल्या माणसाचा आवाज माईकमधून ऐकायचा आणि कॅमेऱ्यातून चेहरा बघायचा. त्यालाही हाकललं आणि कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

मशीन कसं भुर्रकन सुरू झालं. मी कौतुकानं ताईला बोलावलं. तिनं कोऱ्या पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. चांगलं केलंस म्हणाली. मग जेवलीच नाही.

११ नोव्हेंबर

शाळेतून लवकर आले. ताई मनीच्या खोलीत, चष्मा लावून, पडद्याला नाक लावल्यासारखी बसली होती. चिकटपट्टी काढून टाकलेली. जाहिराती सगळ्या परत आल्या होत्या, एकीवर एक, आधीपेक्षा जास्तच.

मी रागावले. तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि सांगितलं.

मनी गेल्यावर पहिल्या महिन्यात ताईनं सहज हे सुरू केलं, तर मनीच्या नावानं जाहिरात आली. क्लासची. मग कॉलेजच्या बॅगा. पुढच्या वर्षी मुलाखतीला घालायचे कपडे, म्हणजे शिक्षण संपलं असणार. मग बसचा पास, डबा, ऑफिसच्या चपला. मग लग्नाचे हॉल. ताईनं आजवर काही विकत घेतलेलं नाही. ती फक्त रोज दुपारी येऊन बघते, मनीचं कुठवर आलं ते.

"आता दिवस आहेत तिला," ताई म्हणाली. पडद्यावर झबली होती, टोपडी होती, पाळणे होते.

मी तिला समजावलं. या प्रोग्रॅमांना मनीची जन्मतारीख माहीत आहे, त्या वयाच्या सगळ्याच मुलींना हे असलं दाखवतात, यात मनी कुठेच नाही. शाळेत सांगते तसंच सांगितलं, सोपं करून.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. "असेल गं. पण तिला पुढे काय लागेल, याचा विचार आता दुसरं कोण करतंय?"

भावोजींना सांगू नकोस म्हणाली. नाही सांगितलं.

१४ नोव्हेंबर

काल शाळेतून आल्यावर मीही ताईबरोबर बसले. तिला एकटीला सोडवेना. बसल्या बसल्या मनीच्याच गोष्टी निघाल्या, कपाटाचीही. मला ती लाडानं कसल्या कसल्या नावांनी हाक मारायची, सायकल शिकताना कशी थेट भाजीवाल्यावर गेली.

आज एक नवी जाहिरात आली. कपाटांची. उघडं कपाट, आत चादरींच्या घड्या, आणि त्यावर एक छोटी मुलगी गाल दाबून झोपलेली.

माईकमधून ऐकत असणार, अशी मनाची समजूत घातली. जेवताना विषय काढला, म्हटलं, ताई, ती जाहिरात पाहिलीस? आपल्या गोष्टीतलीच वाटली.

ताईनं विचारलं, कुठल्या गोष्टीतली?

मी सगळी सांगितली. पाण्याची टाकी, गल्ली, "माझ्यावर राज्य आहे का?" ताई कौतुकानं ऐकत होती, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. शेवटी हसून म्हणाली, गंमतच आहे, कुणाची गं ही?

भावोजींच्या हातातला घास तसाच राहिला.

१६ नोव्हेंबर

जे पडद्यावर येतं ते ताईच्या डोक्यातून जातं. हे लिहिताना वेडेपणा वाटतो, पण दोन दिवस मी पडताळून पाहते आहे. सायकलची जाहिरात आली, सायकल गेली. आज तापाच्या गोळ्यांची आली. संध्याकाळी ताईला मनी कशानं गेली ते सांगता येईना. गेली म्हणजे कुठे, असं तिनं विचारलं. सासरीच तर आहे.

आता जाहिरातींमधल्या बाईला चेहरा आला आहे. मनीचाच, पण भरलेला, पंचविशीकडे झुकलेला. पोटावर हात. ही हसत नाही. मनीला हसू आवरत नसे.

ताईचं जेवण सुटलं आहे. मनगट धरलं तर काडी हातात येते. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही, टॉनिक लिहून दिलं.

नेटची केबल मी परवाच काढून माझ्या पर्समध्ये ठेवली आहे. तरी खिडक्या उघडतात.

१७ नोव्हेंबर

भावोजींना सगळं सांगितलं, अंगणात, ताई झोपलेली असताना. वाटलं होतं हसतील. ते चपलेचा अंगठा कुरवाळत बसले. मग म्हणाले की मीही बसतो. रोज सकाळी, ड्यूटीला जायच्या आधी. तुझ्या ताईला सांगू नकोस.

दोघंही एकमेकांपासून लपवून, त्याच खुर्चीत.

मग म्हणाले, "ती मनी नाही. मनी असती तर आधी मला बघून हसली असती. हे काहीतरी तिचं तोंड लावून बसलंय आणि आमचं खातंय. काढून टाक."

त्यांना तिचा आवाज आठवेनासा झाला आहे.

म्हटलं, काढते. नुसतं साफ करून भागणार नाही. सगळी डिस्क पुसते, कोरी करते. रोग गेला की ताईचं ताईला परत मिळेल.

१९ नोव्हेंबर

पुसलं.

सकाळी भावोजी ताईला दवाखान्याच्या निमित्तानं बाहेर घेऊन गेले. मी मनीचे सगळे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, एकेक उघडून खात्री केली. मग फॉरमॅट.

बटण दाबायच्या आधी पडदाभर लाल खिडकी आली. "थांबा. तुमची माहिती इथे सुरक्षित आहे. पुसल्यास ती कायमची जाईल." पोरांना मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे की असल्या धमक्यांना भीक घालायची नाही, घाबरवणं हाच त्यांचा धंदा. खिडकी बंद केली. पुन्हा आली. या वेळी फक्त दोन शब्द.

"मावशी, नको."

मी दाबलं.

पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. पंखा थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी आल्यापासून ऐकली नव्हती.

२० नोव्हेंबर

ताई आज स्वतःहून उठली. न्हाली. दोनदा वाढून घेतलं. गालांवर रंग आला आहे. भावोजी तिच्याकडे बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले, उपकार झाले तुझे.

दुपारी मी खोली आवरत होते. ताई दारात उभी राहिली. छान ऊन येतं इथे, म्हणाली. मग विचारलं,

"ही खोली आधी कुणाची होती गं?"

मी पेन ड्राइव्ह आणला. शाळेच्या लॅपटॉपवर फोटो दाखवले, सगळे. पाळण्यातली, फ्रॉकातली, कॉलेजच्या दारातली. ताईनं प्रेमानं पाहिले. गोड आहे मुलगी, म्हणाली. तुझ्या शाळेतली का?

मग उठून स्वयंपाकघरात गेली. गुणगुणत.

ती लाल खिडकी खोटं बोलत नव्हती. तिथे सगळं होतं. ताईनं एकेक करून तिथे नेऊन ठेवलेलं. कपाट, सायकल, ताप, सगळं तिथेच होतं आणि मी —

२१ नोव्हेंबर

हार्ड डिस्क काढून दुरुस्तीवाल्याकडे नेली. काही परत मिळतंय का बघा, म्हटलं. हात जोडले. त्यानं मशीनला लावून बघितली. एकदम कोरी आहे बाई, म्हणाला. नव्या डिस्कसारखी.

भावोजींना सांगायला गेले, तर त्यांनी विचारलं की कसली डिस्क. आम्हा दोघांपैकी कॉम्प्युटर कुणाला येतो?

ते रोज सकाळी बसायचे.

मी किती दिवस बसले? बसून काय काय बोलले?

२२ नोव्हेंबर

शाळेत गेले नाही. आठवेल तसं लिहिते आहे. केस कुरळे. नाही, फोटोत सरळ आहेत. मला लाडानं काहीतरी म्हणायची — मावशीच्या पुढे काहीतरी लावून. फार हसू यायचं. काय ते?

आधीची पानं वाचली. अक्षर माझंच. वाचते तोवर सगळं खरं वाटतं, रडू येतं. पान उलटलं की कुणाचं हे, असं होतं.

ताई मजेत आहे. तेच बघवत नाही. ही खोली भाड्यानं द्यावी म्हणते.

२३ नोव्हेंबर

भावोजी अंगणातल्या पायरीवर बसले आहेत. रडतायत. मघापासून. ताई जवळ बसून पाठीवरून हात फिरवते आहे, विचारते आहे, अहो, काय झालं? त्यांना सांगता येत नाही. काही झालं नाही म्हणतात. काहीच नाही झालं. आणि रडतायत.

मला माहीत आहे. मला अजून माहीत आहे. वही घेऊन जाते त्यांच्यासमोर. सांगते, दोघांनाही, की रडा, तुमचं चुकत नाही, तुम्हाला एक मुलगी होती. या घरात होती. एकोणीस वर्षं. तिला सगळे —

तिचं नाव